आडनाव खाडीच्या अलीकडे

कशेळीच्या पुलाजवळची चहाची टपरी. वर मेट्रोचे खांब, खाली ओहोटी लागलेली खाडी, रस्त्यावर भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर. चाळिशीतला भाचा मोबाइलवर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगांची यादी बघतोय. समोर ठाण्याला राहणारे मामा. त्यांनी चौदा वर्षं दारूला हात लावलेला नाही.

भाचा : मामा, मी एवढंच बघतोय, घरापासून सगळ्यात लांबची मीटिंग कुठली.

मामा : लोक जवळची शोधतात.

भाचा : जवळ कुणीतरी ओळखीचं निघणारच. उद्या नाक्यावर चर्चा.

मामा : तू पितोस हे नाक्याला ठाऊक नाही?

भाचा : ठाऊक आहे. दोनदा त्यांनीच उचलून घरी आणलंय.

मामा : मग नवीन काय कळेल?

भाचा : सोडायला निघालोय, हे. पिणाऱ्याकडे कुणी बघत नाही हो. सोडणाऱ्यावर सगळ्यांची नजर. पुढच्या हळदीला मुद्दाम ग्लास पुढे करतील, ‘बघू किती दिवस टिकतो’ म्हणून.

मामा : पडलास तर हसं होऊ नये, म्हणून नाव बाहेर जाऊ देत नाहीत. पण मला त्याचा दुसराच उपयोग झाला. आपल्याकडे आडनाव सांगितलं की जमीन कुठली, गाळे किती, भाडं किती, सगळं आलं. तिथे नुसतं पहिलं नाव. माझ्या एका बाजूला हमाल बसायचा, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. कोण काय करतो हे मला सहा महिन्यांनी कळलं. तोवर दोघांचं सारखंच ऐकून झालं होतं. आधी कळलं असतं तर एकाचंच ऐकलं असतं.

भाचा : पण हेही लपवणंच ना? बारा वर्षं मी तेच केलं. बाटली स्टेपनीखाली, तोंडात बडीशेप. आता मीटिंग लपवू? घरी सांगायचं, ‘गोदामात माल उतरतोय.’ पितानाही हेच सांगायचो.

मामा : स्टेपनीखालची बाटली फक्त तुला माहीत होती. मीटिंगमध्ये तुझं सगळं त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळतं, ते फक्त बाहेर नेत नाहीत. गावाला सांगायची सक्ती नाही. पण बायकोशी खोटं बोलून आलास, तर त्या खुर्चीत बसूनही तू स्टेपनीखालीच.

भाचा : तिनं आईची शपथ ऐकली, पोराची ऐकली, एकवीरेचीही ऐकली. आता कुठल्या तोंडानं सांगू?

मामा : शपथ नको. ‘सोडली’ असंही म्हणू नको. ‘आज संध्याकाळी मीटिंगला जातोय’, बस. एका दिवसाचं बोललेलं निभावता येतं. आणि तिलाही बोलायला जागा हवी. डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. पिणारा एकटा असतो, झोप सगळ्या घराची उडते.

भाचा : आणखी एक अडतंय. सगळेच खाडी ओलांडून ठाण्याला गेले, तर कशेळीतल्या पुढच्या माणसानं काय करायचं? त्यालाही लांबचीच शोधावी लागणार. म्हणजे ही लाज आपणच राखतोय.

मामा : (बराच वेळ गप्प) चौदा वर्षं मीही तीच राखली. ही मीटिंगवाली संस्था सुरू कशी झाली ठाऊक आहे? १९३५चा मे महिना. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावी गेलेला. सौदा फसलेला, दारू सोडून काही महिनेच झालेले, हॉटेलात जवळच बार. त्यानं टेलिफोन उचलला आणि चर्चवाल्यांकडे चौकशी केली : इथे कुणी दारुड्या आहे का, मला बोलायचंय. त्यातून शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ भेटले. त्यांनी १० जूनला दारू थांबवली, तो संस्थेचा वाढदिवस मानतात. भारतात हे काम १९५७पासून आहे. बिल मीटिंग शोधत नव्हता, तेव्हा ती नव्हतीच. तो आपल्यासारखाच दुसरा शोधत होता.

भाचा : म्हणजे दोघं पुरतात?

मामा : त्यांच्या परंपरेत तसंच आहे, दारूपासून दूर राहायला दोन-तीन जण जमले तरी गट होतो. सभासद व्हायला अट एकच, पिणं थांबवण्याची इच्छा. फी नाही, जमेल ते पिशवीत टाकायचं. पण उद्याच गावात खोली शोधू नको. आधी लांब जा, लपून का होईना, उभा राहा. वर्षभर टिकलास तर कशेळीत खोली बघायला मी तुझ्याबरोबर येईन. तेव्हा नाव लपवायचं की नाही, तुझं तू ठरव. दुसऱ्याचं मात्र कधीच सांगायचं नाही.

भाचा : मग आजपासून एकदम बंद करतो.

मामा : मर्दुमकी नको. रोज पिणाऱ्यानं अचानक थांबवली तर फिट येते, भ्रम होतो, जिवावरही बेततं. मीटिंग म्हणजे औषध नव्हे. सकाळी डॉक्टरकडे जाऊ, किती पितोस ते खरं सांगायचं. संध्याकाळी मीटिंग.

भाचा : किती वाजता?

मामा : सात. पण सहालाच निघू, त्या वेळी पुलावर गाड्या खोळंबतात. आणि आधी घरी फोन लाव.