नवसंन्यासाची माळ

1968 साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनात आचार्य रजनीश कामवासनेवर बोलले आणि एकच गहजब उडाला. पुढची व्याख्यानं गवालिया टँक मैदानावर झाली. 'सेक्सगुरू' हा शिक्का तेव्हा बसला तो कायमचाच. त्या शिक्क्यापायी त्यांच्या विचारातला खरा वादाचा भाग, म्हणजे संन्यासाची नवी कल्पना, मात्र फारशी कुणी तपासली नाही. सप्टेंबर 1970 मध्ये मनालीला त्यांनी नवसंन्यासाची पहिली दीक्षा दिली. घर सोडायचं नाही, नोकरी सोडायची नाही, बायकामुलं टाकायची नाहीत. भगवी वस्त्रं, गळ्यात माळ, नवं नाव आणि ध्यान, एवढ्यावर संन्यास. महाराष्ट्राला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. संन्यास सोडून प्रपंचात परतलेल्या विठ्ठलपंतांची मुलं ज्याने वाळीत टाकली, त्याच समाजाने पुढे त्यांतल्या ज्ञानेश्वरांना माउली म्हटलं. एकनाथांनी तर पैठणला भरल्या घरात परमार्थ केला. फरक होता तो माळेत. वारकऱ्याच्या तुळशीच्या माळेत कुणाची तसबीर नसते. नवसंन्याशाच्या 108 मण्यांच्या माळेला रजनीशांचा फोटो होता.

त्या फोटोने पुढचं सगळं ठरवलं, असं माझं मत आहे. 1974 मध्ये पुण्याच्या कोरेगाव पार्कात आश्रम झाला, 1981 मध्ये ते अमेरिकेला गेले, ओरेगॉनच्या सुमारे 64 हजार एकरांवर रजनीशपुरम उभं राहिलं आणि घरी राहून घ्यायचा संन्यास घर सोडून वसाहतीत राबण्याचा संन्यास झाला. विनोद खन्ना यांनी ऐन बहरातली कारकीर्द सोडली ती याच ओढीने. अनुयायी म्हणतात, स्वतःचंच म्हणणं खोडून काढणं ही त्यांची पद्धत होती, पंथ गोठू नये म्हणून. बोलण्यापुरतं हे खरं आहे. प्रत्येक देव, प्रत्येक ग्रंथ त्यांनी मोडीत काढला. पण ज्या गुरूच्या हातात ही मोडतोड होती, त्याला प्रश्न विचारायची सोय त्या रचनेत नव्हती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1984 मध्ये ओरेगॉनमधल्याच द डॅलेस गावात सॅलडमधून जंतू पसरवून 751 जणांना आजारी पाडलं गेलं, ते रजनीशांच्या सचिव मा आनंद शीला आणि त्यांच्या साथीदारांनी. रजनीशांवर तो आरोप कधीच ठेवला गेला नाही, उलट सप्टेंबर 1985 मध्ये त्यांनीच त्या गटाच्या कारवायांची जाहीर वाच्यता केली. मान्य. पण 1981 पासून त्यांनी जाहीर मौन धरलं होतं आणि त्यांच्या वतीने शीला बोलत होत्या. एवढा मोठा वक्ता गप्प बसला, तेव्हा समर्पणाची सवय लागलेल्या माणसांनी त्या आवाजालाच गुरूचा आवाज मानलं. जे. कृष्णमूर्तींनी आपल्याभोवती उभा राहिलेला संघ 1929 मध्ये, ऐन भरात असताना, स्वतः विसर्जित केला होता. रजनीशांनीही भगवे कपडे आणि माळेची सक्ती काढली, पण 1985 मध्ये, सगळा डोलारा कोसळू लागल्यावर.

अमेरिका सोडावी लागल्यावर ते 1986 मध्ये जुहूला राहिले, 1987 च्या आरंभी पुण्यात परतले आणि 19 जानेवारी 1990 रोजी तिथेच वारले. मार्च 2023 मध्ये त्याच आश्रमात माळ घालून आत जाण्यावरून अनुयायी आणि व्यवस्थापन भिडले आणि पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या.