उंबरठ्यावरचा धावा

पांडुरंगा, पहाटेचे पाच वाजलेत. आप्पा झोपलेत आणि झोपेत त्यांचा उजवा हात अगदी शांत आहे. जागे झाले की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायला लागतील, माळेचे मणी ओढावेत तशी, आणि मग दिवसभर थांबायची नाहीत. तो हात निवांत आहे तेवढ्यात तुझ्याशी बोलून घेते.

ज्या माणसाने बावीस वर्षं आळंदीहून तुझ्या दारापर्यंत पायी वारी केली, दिवे घाट पखवाजाच्या ठेक्यावर चढला, तो आता स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी येऊन अडतो. पाय फरशीला चिकटतात. धड पुढे झुकलेलं, डोळे चहाच्या कपाकडे लागलेले, पाय मागेच. "पोरी, चला म्हणतोय गं मी त्यांना," आप्पा म्हणतात, "ऐकत नाहीत." अगतिक हा शब्द मी आयुष्यभर वापरला. त्याच्या पोटात गती आहे, हे मला त्या उंबरठ्यावर कळलं.

मी नववीला विज्ञान शिकवते. चाल म्हणजे अंतर भागिले काळ, असं फळ्यावर लिहिते आणि मुलं वहीत उतरवून घेतात. आमच्या घरात मात्र चाल म्हणजे आधी अभंगाची चाल. पेटीवर दोन सूर धरून आप्पा म्हणायचे, ही चाल जुनी आहे, हिला घाई सोसत नाही. माझी गणितातली गती पाहून त्यांनी मला तालुक्याला शिकायला ठेवलं. आई गेली तेव्हा दिंडीतली माणसं अंगणात बसून एवढंच म्हणाली, माउलीला चांगली गती मिळाली. पायाला, बुद्धीला आणि निघून गेलेल्या जिवाला आमच्या भाषेने एकच शब्द दिला. आता तुझ्याकडे गती मागायला बसले तर कुठली मागतेय, ते मला नीट सांगायला हवं.

तू विटेवर उभा. लहानपणी मी आप्पांना विचारलं होतं, सगळे चालत येतात, मग हा का चालत नाही? ते म्हणाले होते, कुणीतरी जागेवर पाहिजे, नाहीतर यायचं कुठे? पुढे शिकले तेव्हा कळलं की तूही थांबलेला नाहीस. पंढरपूरची जमीन तुझ्या विटेसकट ताशी सुमारे 1600 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरते आहे, आणि सगळी पृथ्वी सेकंदाला जवळजवळ 30 किलोमीटर वेगाने सूर्याभोवती निघाली आहे. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, हे आर्यभटाने लिहून ठेवलं. ग्रंथात तो सांगतो ते साल आपल्या हिशेबाने इ.स. 499 येतं, आणि तेव्हाचं आपलं वय तो 23 सांगतो. चंद्रभागेत होडीत बसून मी ते पाहिलं आहे. होडी काठ सोडते आणि पुंडलिकाचं देऊळ हळूच सरकायला लागतं. हे आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले.

विठ्ठला, आजार आला तो मला दिसला नाही, याची टोचणी आहे. इतका हळू आला. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसांमागून दिवस थोडीथोडी टिपली होती, आणि मग ती पडद्यावर काही क्षणांत चालवून दाखवली होती. डोळ्याला न दिसणारी हालचाल त्यांनी दिसती केली. आप्पांचं असं एखादं चित्र कुणी घेऊन ठेवलं असतं तर मला कितीतरी आधी कळलं असतं. चालताना त्यांचा उजवा हात झुलायचा बंद झाला होता. हिशेबाच्या वहीत अक्षर ओळीगणिक बारीक होत गेलं होतं. मी ती वही रोज बघत होते आणि वयाला दोष देत होते.

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. मेंदूच्या तळाशी दोन्ही बाजूंना एक छोटा काळसर पट्टा असतो. तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन करतात आणि त्याच्या बळावर आपलं हालणं सुरळीत चालतं. कंपवातात त्या पेशी मरत जातात आणि पट्ट्याचा काळा रंग फिका पडतो. माझ्या मनात तेव्हा तुझाच रंग आला, सावळ्या. तो आप्पांच्या आतून कमी होतोय, असं वाटून मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले.

त्यांचा चेहराही आता फारसा हलत नाही. भेटायला येणाऱ्यांना वाटतं, यांना काही कळत नाही; ते माझ्याशी बोलतात, आप्पांशी नाही. मला त्यांना वर्गातला प्रयोग दाखवावासा वाटतो. पातळ दुधाचा थेंब स्वच्छ, स्थिर दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यातला प्रत्येक कण धडपडत असतो. रॉबर्ट ब्राउनने 1827 मध्ये पाण्यातल्या बारीक कणांची अशीच अविरत थरथर पाहिली. न दिसणारे रेणू चहूबाजूंनी धक्के देतात म्हणून ती होते, हे आइन्स्टाइनने 1905 मध्ये मांडलं. आप्पांच्या त्या थिजल्या चेहऱ्याआड किती चाललेलं असतं, ते मला माहीत आहे. तुला तर आहेच.

एक अपराध सांगायचा आहे. गेल्या महिन्यात शाळेला उशीर होत होता आणि आप्पा उंबरठ्यावर अडले होते. मी त्यांचा हात धरून ओढला. अडलेल्या माणसाला ओढू नये, हे मला सांगितलेलं होतं. ते तोल जाऊन चौकटीवर आपटले. लागलं फारसं नाही, पण ते म्हणाले, "माझ्यामुळे तुला उशीर होतो." त्यांनी वारीत मला खांद्यावर घेतलं होतं, माझ्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून आख्खी दिंडी पुढे जाऊ दिली होती. मला क्षमा कर.

त्या संध्याकाळी मी माळ्यावरून त्यांचे टाळ काढले. अडलेल्या पावलाला ठेका मिळाला किंवा फरशीवर आडवी रेघ दिसली, तर ते बरेचदा सुटतं. मेंदू मग दुसरी वाट घेतो. म्हणून उंबरठ्यापलीकडे पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि टाळ वाजवायला घेतले. माझा ठेका कच्चा. आप्पा म्हणाले, "जरा विलंबित घे." मग त्यांच्या ओठांवर ज्ञानबा-तुकाराम आलं, उजवी टाच उचलली गेली, आणि पावलीत टाकतात तसं ते पाऊल उंबरठ्यापलीकडे पडलं. पुण्यात कंपवाताची माणसं नृत्याच्या वर्गाला जातात, ते का, हे मला त्या क्षणी कळलं. सगळ्याच दिवशी असं होत नाही. काल झालं नाही.

वेळापूरच्या अलीकडे, उतारावर, वारकरी तुझ्या ओढीने पळत सुटतात. त्याला धावा म्हणतात. संकटात तुला हाक मारतो, तोही धावाच. आप्पांना आता पळता येत नाही, म्हणून त्यांचा धावा मी करते आहे.

वेग मागत नाही. तो माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे. त्यातला थोडा काढून घे आणि मला त्यांच्या लयीत चालू दे. बँकेच्या रांगेत मागून ढकलणाऱ्यांना, रस्ता ओलांडताना हॉर्न वाजवणाऱ्यांना, क्षणभर थांबायची बुद्धी दे. ज्या घरात अशी पावलं अडलेली आहेत त्या प्रत्येक घरात ठेका धरणारं एक माणूस असू दे. आणि शेवटची गती द्यायची वेळ येईल तेव्हा आप्पांना ती चालता चालता दे.

सहा वाजायला आले. हात हलायला लागलाय. टाळ खिडकीत काढून ठेवलेत. विठ्ठला, आज उंबरठ्याच्या पलीकडे उभा राहा, त्यांना दिसशील असा.