सातबाऱ्यावर तिचं नाव

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा उद्घाटन कुणी करायचं यावरून महाराष्ट्र ढवळून निघाला होता. ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं होतं. निषेध म्हणून अनेक लेखक-कवींनी संमेलनाकडे पाठ फिरवली होती. अखेर तो मान गेला कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्याकडे. २०११ मध्ये त्यांच्या शेतकरी पतीने आत्महत्या केली होती. पदरात दोन लहान मुलं होती. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्या काम करत होत्या आणि श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या, हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात शेतकऱ्याच्या मागे राहिलेल्या बाईचं जगणं रंगमंचावर मांडत होत्या.

आयोजकांनी अडचणीतून वाट काढण्यासाठी त्यांना पुढे केलं, अशी टीका तेव्हा झाली. टीकेत तथ्य असेलही. पण आपलं वैधव्य नशिबाने आलेलं नाही, ते व्यवस्थेने लादलेलं आहे, हे त्यांनी साहित्याच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावरून ठणकावून सांगितलं. त्या बोलण्याचं मोल आयोजकांच्या अडचणीने कमी होत नाही. त्याच वर्षी त्यांनी प्रहार पक्षाकडून यवतमाळ-वाशीम मतदारसंघात लोकसभेची निवडणूकही लढवली. त्या हरल्या. जिंकल्या त्या भावना गवळी, २००९ आणि २०१४ नंतर सलग तिसऱ्यांदा. म्हणजे ज्या मतदारसंघातून तीन वेळा बाई दिल्लीत गेली, त्याच मतदारसंघात शेतकऱ्याची विधवा वारस नोंदीसाठी तलाठ्याच्या दारात उभी असते. महिला सक्षमीकरणाच्या सगळ्या चर्चेत या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहायला हव्यात.

बाईच्या हाती सत्ता आली की बाईचं भलं होतं, असं मानणारे बरेच आहेत. महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांचं आरक्षण २०११ मध्ये ५० टक्क्यांवर नेलं आणि गावोगावी बाया सरपंच झाल्या. ही क्रांतीच आहे. सरपंच बाईच्या मागे नवरा कारभार हाकतो म्हणून ते आरक्षण फोल ठरत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हीच बाई स्वतः ग्रामसभा चालवते, हे अनेक गावांनी पाहिलं आहे. पण खुर्ची पाच वर्षांची असते. जमीन पिढ्यांची असते.

त्या जमिनीचा हिशेब मात्र अस्वस्थ करणारा आहे. कापसाची वेचणी, निंदण, सोयाबीनची सोंगणी ही कामं विदर्भात प्रामुख्याने बायाच करतात. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या वहितीच्या खातेदारांमध्ये महिला जेमतेम १४ टक्के आहेत. महिला किसान अधिकार मंच अर्थात ‘मकाम’ने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ महिलांची पाहणी केली. नवरा कसत असलेली जमीन त्यांतल्या सुमारे ४० टक्के महिलांच्या नावावर झालेली नव्हती. राहत्या घरावर हक्क मिळाला होता तो फक्त ३५ टक्क्यांना.

नाव नसण्याचा अर्थ पेरणीच्या तोंडावर कळतो. सातबारा नाही म्हणून बँकेतून पीक कर्ज मिळत नाही. पीएम किसान योजना जमीनधारकांसाठी आहे, म्हणून तो हप्ताही नाही. गारपिटीची नुकसानभरपाई सासऱ्याच्या किंवा दिराच्या खात्यावर जाते. आणि राबणाऱ्या बाईनेच कधी जीव दिला, तर जमीन तिच्या नावावर नसल्यामुळे ती शेतकरी आत्महत्या म्हणून नोंदली जाण्याची शक्यताही मावळते. आयुष्यभर शेती केलेली बाई कागदावर शेतकरी म्हणून मरतही नाही. यापेक्षा मोठा अन्याय कोणता?

सरकारी मदतीचे नियमही नवऱ्याच्या कागदांवरच बेतलेले. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला २००६ पासून एक लाख रुपये मिळतात. ३० हजार हातात, ७० हजार ठेव म्हणून. पण जमीन कुणाच्या नावावर होती, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, वसुलीचा तगादा होता का, यावरून प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ठरतं. मृत्यू तोच, दुःख तेच; नातलगाकडून उसनवारीने घेतलेल्या पैशाची नोंद नाही म्हणून विधवेच्या हाती नकार पडतो.

सध्या वादाच्या केंद्रस्थानी आहे ती २०२४ मध्ये सुरू झालेली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना. महिन्याला १५०० रुपये, दोन कोटींहून अधिक महिलांना. एका बाजूला ही मतांची खरेदी म्हणणारे, दुसऱ्या बाजूला हेच सक्षमीकरण म्हणणारे. दोघांचंही चुकतं. जिच्या हातात स्वतःचे म्हणून शंभर रुपये कधी आले नाहीत, तिला स्वतःच्या खात्यातले १५०० रुपये दवाखान्याला, मुलीच्या शाळेला, कधी स्वतःच्या चपलेला खर्चता येतात. शहरातल्या सुस्थितीतल्या माणसांनी त्याला ‘रेवडी’ म्हणून हिणवू नये. पण ही रक्कम हक्काची मिळकत नव्हे. निकष बदलले, यादीतून नाव गळलं, की ती थांबते.

या योजनेतही एकट्या बाईची वाट अवघड झाली. संजय गांधी निराधार योजनेतून १५०० रुपये घेणाऱ्या विधवेला ‘लाडकी बहीण’चे पैसे मिळत नाहीत. म्हणजे जिचा आधार गेला आणि जिच्या घरी कमावता नवरा आहे, त्या दोघींच्या हाती सरकारी मदत सारखीच. २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली तेव्हा पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. पती हयात नाही, वडीलही नाहीत, अशा बायांनी काय करायचं? ओरड झाल्यावर मृत्यूचा दाखला देण्याची सोय झाली, मुदत वाढली. चूक दुरुस्त झाली हे चांगलंच. पण बाईच्या नावाने काढलेल्या योजनेचा नमुना तयार करताना एकट्या बाईचा विचार कुणाच्या मनात आला नाही, याची खंत वाटलीच पाहिजे.

बाईच्या नावावर जमीन करण्याचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं. पुढे त्यातूनच ‘लक्ष्मीमुक्ती’ उभी राहिली. लक्ष्मीच्या ऋणातून मोकळं व्हायचं तर पत्नीच्या नावावर जमीन करा, असं शेतकऱ्यांनाच आवाहन केलं गेलं. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या गावांनी ते करून दाखवलं. बाईच्या हक्काची चळवळ पुरुषांनी आपल्या हाताने जमीन देऊन पुढे न्यावी, हे जगात फार ठिकाणी घडलेलं नाही. १९९२ मध्ये शासनाने याच नावाचं परिपत्रक काढलं. त्यानुसार पती हयात असतानाच साध्या अर्जावर पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. १९९४ मध्ये महाराष्ट्राने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क देणारा कायदा केला, देशपातळीवर तो २००५ मध्ये आला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो जन्मसिद्ध हक्क असल्याचं निर्विवाद करून टाकलं.

कायदा आहे, परिपत्रक आहे. अडतं ते घरात. भाऊबीजेला ओवाळणी घातली की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी, ही अपेक्षा शिकलेल्या घरांतही आहे. सून नवऱ्यामागे दुसरं लग्न करील, जमीन परक्या घरात जाईल, ही भीती सासऱ्यांना वाटते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. स्तुत्य पाऊल. पण कपाळावर कुंकू राहिलं आणि बांधावरून हाकललं, तर त्या बाईने जगायचं कशावर?

म्हणून यवतमाळच्याच नव्हे, राज्यातल्या प्रत्येक शेतकरी घराला एक विनंती आहे. खरिपाच्या पेरणीआधी पीक कर्जासाठी सातबारा काढायला तलाठी कार्यालयात जाणं होणारच आहे. त्याच फेरीत लक्ष्मीमुक्तीचा अर्ज द्या आणि पत्नीचं नाव लावून घ्या. ज्यांच्या घरात सून किंवा भावजय एकटी राहिली आहे, त्यांनी वारस नोंदीचा फेरफार स्वतः पुढाकार घेऊन पूर्ण करून द्यावा. आणि ग्रामसभांनी दरवर्षी एकदा तरी गावातल्या किती सातबाऱ्यांवर बाईचं नाव आहे, याची यादी फळ्यावर लावावी.