भिंतीचा न्याय

'मेयर'साठी 'महापौर' हा शब्द सावरकरांनी दिला आणि तो इतका रुळला, की त्याच्या घडणीकडे आता कुणाचं लक्षही जात नाही. पुरात राहतो तो पौर; पौरांमधला मोठा तो महापौर. मूळ शब्दात मात्र पौर कुठेच नाही. लॅटिन 'मायोर' म्हणजे नुसता 'अधिक मोठा'. कुणापेक्षा मोठा आणि कशाने मोठा, हे तो शब्द सांगत नाही. मध्ययुगीन शहरांवरच्या एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करताना लंडनचा पहिला महापौर हेन्री फिट्झ-एल्विन याच्यापाशी आले आणि आधी या शब्दाशी अडले. मग शब्द बाजूला राहिला आणि त्या माणसापाशीच अडून बसले.

'फिट्झ-एल्विन' म्हणजे एल्विनचा मुलगा. 'फिट्झ' नॉर्मन फ्रेंच, 'एल्विन' जुनं इंग्रजी. जिंकणाऱ्यांची आणि जिंकलेल्यांची भाषा एकाच नावात नांदते आहे. लंडन स्टोन नावाच्या पुरातन दगडाजवळ त्याचं घर होतं. परंपरा सांगते की तो 1189 मध्ये महापौर झाला. 1212 मध्ये मरेपर्यंत तो त्याच पदावर राहिला. 1191 मध्ये राजा पहिला रिचर्ड धर्मयुद्धावर असताना लंडनने आपला 'कम्यून' म्हणजे शपथबद्ध नागरिकांचा संघ मान्य करून घेतला. राजाच्या अधिकाऱ्यांनी हाकलेलं शहर आता स्वतःचा कारभार पाहू लागलं होतं आणि त्या कारभाराचा चेहरा हेन्री होता.

या कारभाराची जी खूण मला सर्वांत जास्त आवडली, ती म्हणजे बांधकामाचे नियम. ते परंपरेने 1189चे मानले जातात आणि त्यांवर हेन्रीचं नाव आहे. त्याआधी लंडनची घरं लाकडाची, छपरं गवताने शाकारलेली. राजा स्टीफनच्या काळात आग लागली आणि शहराचा मोठा भाग जळाला. तेव्हा दगडी घरांपाशी आग थांबते, हे लोकांच्या ध्यानात आलं. म्हणून नियम असा: दोन शेजाऱ्यांना दगडी भिंत बांधायची असेल, तर दोघांनी दीड-दीड फूट जमीन द्यावी आणि खर्च अर्धा-अर्धा करावा. भिंत तीन फूट जाड, सोळा फूट उंच. पन्हळीचं पाणी कुणाच्या बाजूला पडावं, याचाही नियम आहे. संडासाचा खड्डा दगडाने बांधलेला असेल तर शेजाऱ्याच्या हद्दीपासून अडीच फुटांवर, नसेल तर साडेतीन फुटांवर. वाद झाला तर महापौर आणि त्यासाठी निवडलेले बारा आल्डरमन जागेवर जाऊन पाहणार आणि निवाडा देणार.

या नियमांत एक कलम आहे. ते अनुवादित करताना मी दोनदा वाचलं. एका शेजाऱ्याला भिंत बांधायची आहे, पण दुसऱ्याला गरिबीमुळे परवडत नाही. मग काय करायचं? गरिबाने आपली तीन फूट जमीन द्यावी आणि दुसऱ्याने भिंत पूर्णपणे स्वतःच्या खर्चाने बांधावी. भिंतीच्या अर्ध्या भागावर जमीन देणाऱ्याचा हक्क. त्यावर तोही आपली तुळई टेकवू शकतो. म्हणजे गरिबाला सूट नाही. त्याच्याकडून हिस्सा घ्यायचाच, पण जे त्याच्याकडे आहे त्यात घ्यायचा. आणि भिंत उभी राहिली की ती दोघांची. आठशे वर्षांपूर्वीच्या एका शहराला एवढं सूक्ष्म भान होतं, याचं मला नवल वाटलं आणि त्या महापौराबद्दल जिव्हाळाही.

पुढच्या प्रकरणाने तो जिव्हाळा अवघड करून टाकला.

1192च्या डिसेंबरात रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना व्हिएन्नाजवळ पकडला गेला. त्याच्या सुटकेसाठी दीड लाख मार्क चांदी मागण्यात आली. इंग्लंडभर लोकांकडून उत्पन्नाचा आणि जंगम मालमत्तेचा चौथा हिस्सा, चर्चमधली चांदीची भांडी, सिस्टर्शियन मठांची लोकर, जे मिळेल ते गोळा झालं. ही रक्कम पाच जणांच्या ताब्यात ठेवायचं ठरलं: दोन धर्माधिकारी, दोन अर्ल आणि पाचवा लंडनचा महापौर. शहराचा एक नागरिक अर्लांच्या रांगेत बसला. शब्दाप्रमाणे तो खरोखरच 'अधिक मोठा' झाला होता.

राजा 1194 मध्ये सुटला, पण कर थांबले नाहीत. लंडनवर ठोक रक्कम बसायची आणि ती कुणी किती भरायची, हे शहरातले प्रमुख ठरवायचे. 1196 मध्ये विल्यम फिट्झ-ऑस्बर्ट या लांब दाढीच्या नागरिकाने याविरुद्ध आवाज उठवला. श्रीमंत स्वतःच्या थैल्या राखतात आणि सगळं ओझं गरिबांवर टाकतात, ही त्याची तक्रार. रॉजर ऑफ हाउडन या इतिवृत्तकाराने ती बरीचशी रास्त मानली आहे. विल्यम ऑफ न्यूबर्गने मात्र त्याला गर्विष्ठ, धूर्त आणि राजद्रोही ठरवलं. फिट्झ-ऑस्बर्ट स्वतः सुखवस्तू घरातला होता, सख्ख्या भावाला त्याने राजाच्या न्यायालयात खेचलं होतं आणि पकडायला आलेल्यांपैकी एकाला ठारही मारलं. संतपुरुष तो नव्हताच. पण हजारो लोक त्याच्यामागे उभे राहिले. अखेर त्याने सेंट मेरी-ल-बो या चर्चचा आश्रय घेतला. आर्चबिशप ह्युबर्ट वॉल्टरने चर्चलाच आग लावायला लावली. धुराने बाहेर पडलेल्या फिट्झ-ऑस्बर्टला भोसकलं, फरफटत नेलं आणि नऊ साथीदारांसह फासावर चढवलं. फासाखालची माती औषधी समजून लोकांनी इतकी नेली, की तिथे खड्डा पडला, असं न्यूबर्गच लिहितो.

या साऱ्या वर्णनांत मी हेन्रीला शोधत होते. प्रसंग आर्चबिशप आणि बंडखोर यांचा आहे. हेन्रीच्या तोंडी वाक्य नाही. पुढच्या शतकातला मॅथ्यू पॅरिस मात्र शहराच्या प्रमुखांवर सरळ ठपका ठेवतो आणि त्यांना 'मायोरेस' म्हणतो. हे अनेकवचन आहे. 'महापौर' लिहावं, की 'मोठे लोक'? अनुवादकाला एक निवडावंच लागतं. मी 'मोठे लोक' लिहिलं आणि बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. मूळ भाषेत या दोन अर्थांमध्ये भिंत नव्हती. ती मी बांधली, हेन्रीला वाचवायला.

हेन्रीच्या बाजूने बोलता येत नाही असं नाही. मागणी राजाची होती, मुदत राजाची होती. शहराचा स्वतंत्र कारभार अजून कोवळा होता. लंडनला महापौराशिवाय दुसरा राजा नको, असं काही नागरिक बोलल्याचा आरोप 1194 मध्येच राजाच्या न्यायालयात झाला होता. अशा वेळी महापौर बंडखोरांच्या बाजूला गेला असता, तर राजाने पद आणि कम्यून दोन्ही मोडून काढलं असतं. कदाचित हेन्रीने संस्था वाचवली. 1215 मध्ये राजा जॉनच्या सनदेने लंडनकरांना दरवर्षी महापौर निवडण्याचा हक्क मिळाला, त्यामागे ही तेवीस वर्षांची शांत कारकीर्द आहे. हा युक्तिवाद मला पोकळ वाटत नाही. फक्त त्याची किंमत कुणी भरली, हा प्रश्न उरतो. आणि ती हेन्रीने भरली नाही.

त्या काळी न्यायाची कल्पनाच वेगळी होती, आजच्या मापाने मोजू नका, असंही म्हणता येईल. पण इथे ते भिंतीचं कलम आडवं येतं. परवडत नसेल तर हिस्सा वेगळ्या मापाने घ्यावा, हे त्या शहराला ठाऊक होतं. त्याच माणसाच्या नावे लिहिलेलं होतं. मग भिंतीला लागू होणारं माप कराला का लागू झालं नाही? मला वाटतं, भिंतीच्या वादात दोन्ही शेजारी समोर उभे असतात आणि निवाडा देणाऱ्याचं स्वतःचं काही जात नाही. कराच्या वाटणीत ठरवणारा स्वतःच एक शेजारी असतो. त्याची भिंत, त्याची जमीन, त्याची थैली. न्यायबुद्धी तीच, पण ती स्वतःच्या दारापाशी येऊन थांबते.

हे मला एवढं नेमकं कळलं, कारण मी ते केलेलं आहे. वडोदऱ्यातल्या आमच्या सोसायटीची मी तीन वर्षं सेक्रेटरी होते. एसीचं पाणी खालच्या गॅलरीत पडू नये म्हणून नळी लावायची, पार्किंगच्या रेषा, टाकी भरायची वेळ, सगळ्याचे नियम मी नीट लिहिले आणि पाळून घेतले. लोक कौतुक करायचे. मग इमारतीच्या दुरुस्तीचा मोठा खर्च निघाला. प्रत्येक फ्लॅटमागे सारखी रक्कम, असं कमिटीने ठरवलं. कमिटीत आम्ही सगळे मोठ्या फ्लॅटमधले. तळमजल्यावर एका खोलीत राहणारे वृद्ध शिंपीकाका सभेत उठले. "बहेन, माफी नको, मापाने घ्या," एवढंच म्हणाले. मी काही बोलले नाही. मिनिट्समध्ये लिहिलं, 'ठराव बहुमताने मंजूर'. काकांचं वाक्य लिहिलं नाही. त्यांनी अकरा हप्त्यांत पैसे भरले आणि अकराही पावत्यांवर माझी सुवाच्य सही आहे.

1212च्या जुलैत लंडन पुन्हा जळालं. म्हाताऱ्या हेन्रीच्या कारकिर्दीतले अखेरचे नियम त्यानंतर निघाले: नवीन छपरं गवताची नकोत, असलेल्यांना गिलावा करावा, भटारखान्यात रात्री काड्या-गवत जाळू नये. घरं पुन्हा बांधायची होती, सुतार-गवंड्यांना मागणी होती. त्यांच्या मजुरीवर मर्यादाही याच नियमांनी घातली. त्याच वर्षी तो गेला. आज हॉबर्न व्हायाडक्टवर त्याचा पुतळा आहे.

त्या नियमांनी पुष्कळ घरं वाचवली असतील. ते श्रेय मी काढून घेत नाही. पण अनुवादाच्या शेवटच्या वाचनात मी 'मोठे लोक' खोडलं आणि 'महापौर आणि मोठे लोक' असं लिहिलं. एका शब्दाचे दोन केले, हे व्याकरणात बसत नाही. संपादक विचारतील, तेव्हा शिंपीकाकांचं वाक्य सांगेन म्हणते.