कोट, ताट आणि माप

सेनापती बापट रोडला सिम्बायोसिसचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर संग्रहालय आहे. माईसाहेबांनी जपलेल्या, बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथं ठेवल्यात. त्यांचे कपडे आहेत, भांडी आहेत, पलंग आहे, व्हायोलिन आहे. रात्रपाळी करून मी सरळ तिथं गेलो होतो. अंगात इस्तरीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. गिरणीतून निघताना नळावर तोंड धुऊन, केसातला कापूस झटकून कपडे बदलले होते. बाबासाहेबांच्या कपड्यांपुढं कळकट उभं राहायचं नव्हतं.

सोबत वस्तीतले एक जुने कार्यकर्ते होते. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. दादांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आन् म्हणाले, "लई हिरो झालास रं. वस्तीत अजून संध्याकाळची चूल पेटायची पंचाईत हाय, आन् तू बुटाला पॉलिश मारतोस."

मी गप्प बसलो. उत्तर नव्हतं म्हणून नव्हे, एकाच वेळी दोन उत्तरं सुचली म्हणून. एक म्हणत होतं, दादा चुकले. दुसरं म्हणत होतं, दादा बरोबर आहेत. ही दोन्ही उत्तरं समोरासमोर बसवण्यासाठी हा लेख. मित्रांनो, प्रश्न साधा दिसतो : आपल्या माणसानं ऋतूप्रमाणे चांगलं ल्यावं काय, चवीनं खावं काय, आणि किती? पण या "किती"मध्ये सगळी वर्णव्यवस्था बसलेली आहे.

पहिल्यांदा मनूकडं जाऊ. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळासाठी जे सांगितलंय त्यात कपडा, ताट आणि दागिना एका दमात येतात. कपडा मेलेल्या माणसाचा. ताट फुटकं. दागिना लोखंडाचा. बघा, किती बारकाईनं विचार केलाय! आमच्या अंगावर काय पडावं आणि आमच्या पोटात कशातून काय जावं, याचं माप त्यानं आधीच काढून ठेवलंय. आमच्या आधी आमचा शिंपी आणि आमचा वाढपी जन्माला आला होता.

हे जुनं झालं म्हणू नका. 'जातिसंहार' या बाबासाहेबांच्या १९३६ सालच्या न झालेल्या भाषणात दोन दाखले शेजारी शेजारी आहेत. इंदूरकडच्या बलाई लोकांना १९२८ साली सवर्णांनी हुकूम काढले : जरीकाठाचा फेटा बांधायचा नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. आणि जयपूर संस्थानातल्या चकवारा गावात एका अस्पृश्यानं जातभाईंना जेवण दिलं, त्यात तूप वाढलं. तूप! शेकडो लोक लाठ्या घेऊन आले, अन्न नासलं आणि जेवणाऱ्यांना बडवलं. तूप त्यांच्या घरचं नव्हतं. पैसा त्यांचा नव्हता. मग त्यांचं गेलं काय? माप गेलं. त्यांनी ठरवलेलं माप आमच्या माणसानं मोडलं, हा गुन्हा.

गुजरातेत २०१७ साली मिशी ठेवली म्हणून आपल्या पोरांना मारलं. २०२३ साली बनासकांठा जिल्ह्यात चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून एकाला मारलं. तेव्हा दादांना माझं पहिलं उत्तर असं : इस्तरी हा शौक नाही. ज्या अंगावर हजारो वर्षं मढ्याचं कापड टाकलं, त्या अंगावर स्वतःच्या पसंतीचं, स्वतःच्या मापाचं, ऋतूला शोभणारं कापड घालणं हा मनूला दिलेला जबाब आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली, आणि त्याच परिषदेत बाबासाहेब आपल्या बायांशी लुगडं कसं नेसावं यावर बोलले. पुस्तक जाळणारा एवढा विद्वान माणूस लुगड्याच्या नेसणीवर बोलतो, हे काही किरकोळ नव्हतं. अंगावरची जात ओळखू येईल असलं नेसणं सोडा, गळ्यात हातात चांदी-कथलाचे ढीग घालू नका, स्वच्छ राहा. आपल्या बायांनी तिथल्या तिथं नेसण बदलली. ज्या आगीत पोथी जळाली त्याच आगीचा तो दुसरा जाळ होता.

पण त्यात एक गोष्ट आपण विसरतो. बाबासाहेबांनी "घाला" म्हणताना "सोडा"सुद्धा म्हटलं. लुगडं नीट नेसा, पण दागिन्यांचा भार उतरवा. माणसासारखं जेवा, पण मेलेल्या ढोराचं मांस सोडा. माझी आजी सांगायची, चान्या वाळवून ठेवायच्या आणि पावसाळ्यात त्याच्यावर पोरं जगायची. ते सोडलं तेव्हा घरात दुसरं काही आलेलं नव्हतं. भुकेल्या माणसांनी ताटातलं होतं ते फेकलं. जगात लोक पोट भरल्यावर मिताहार करतात. आपल्या लोकांनी पोट रिकामं असताना केला. आपण स्वतः स्वतःला लावलेलं ते पहिलं माप. म्हणून त्याची किंमत मोठी.

आता कोणी म्हणेल, फाटकं नेसूनही बंड करता येतं की. येतं. याच पुण्यात १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला जोतीराव शेतकऱ्याच्या फाटक्या वेशात गेले. भरजरी पाहुण्यांत ते चिरगूट उभं राहिलं आणि इंग्रजाला देशाची खरी रयत दाखवली. पण जोतीराव ठेकेदार होते, नगरपालिकेचे सभासद राहिलेले होते, घरी अंगरखा-पागोटं होतं. फाटकं त्यांनी निवडलं होतं. गांधींनी १९२१ साली मदुराईत पंचा घेतला, तोही निवडलेला. बॅरिस्टरला पंचा नेसता येतो, कारण त्याच्या पेटीत सूट असतो. आमच्या आज्याच्या पेटीत काय होतं? पेटीच नव्हती. ज्याला निवड नाही त्याचं फाटकं कापड त्याग होत नाही, नुसतं फाटकं कापड होतं. म्हणून बाबासाहेबांनी सूट घातला, आणि नागपुरात १९५६ च्या ऑक्टोबरात धम्म घेताना पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट. प्रसंग बघून कपडा. हे त्यांना कळत होतं.

कपड्याची ताकदही त्यांना कळत होती, तशी मर्यादाही. १९१७ साली बडोद्याला परदेशातून शिकून आलेला, साहेबी पोशाखातला हा माणूस पारशाच्या धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या टोळक्यानं बाहेर काढला. सूट अंगात होता. सुटानं जात झाकली नाही. तेव्हा पोरांनो, चांगलं कापड घाला, पण ते चिलखत आहे असं समजू नका.

इथपर्यंत मी दादांशी भांडलो. आता दादा बरोबर होते ते सांगतो, आणि हे सांगायला मला जड जातंय.

मागच्या थंडीत मी एक जाकीट घेतलं. काळं, चामड्यासारखं दिसणारं. साडेचार हजार रुपये. महिना साडेसातशे, सहा हप्ते. मी गिरणीत रिंगखात्यात बदली कामगार आहे. तिथं सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात. बाहेर मे असो का डिसेंबर, आत एकच ऋतू, घामाचा. बनियन अंगाला चिकटतं, नाकात कापूस जातो. हजारो मैल सूत आमच्या डोळ्यांसमोरून पळतं, आणि आमच्यातल्या निम्म्यांच्या बनियनला भोकं असतात. अशा माणसाला जाकिटाची आस का लागते, हे ज्यानं रिंगखातं बघितलंय त्याला सांगावं लागणार नाही.

आई म्हणाली, "लई चांगला दिसतुयास. कितीला पडलं?"

मी म्हणालो, "नऊशेला."

दोन दिवसांनी पहाटे पाळीवरून परत येत होतो. कडाक्याची थंडी, रस्त्यावर धुकं. एका सोसायटीच्या फाटकासमोर आई झाडत होती. अंगावर तीच उन्हाळ्यातली सुती साडी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. खांद्यावरची शाल मधोमध विरलेली. मी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. तिनं मला बघितलं नाही. मी पलीकडच्या गल्लीनं घरी गेलो.

मित्रांनो, जाकीट घेणं हे पाप नव्हतं. किंमत चोरली हे पाप होतं. ज्या कपड्याची किंमत घरात खरी सांगता येत नाही, तो कपडा आपण कोणाच्या तरी अंगावरून ओढून आणलेला असतो. ऋतू माझ्या एकट्याला नव्हता. थंडी दोघांना होती आणि जाकीट एकाला. मनूनं आमच्या घरासाठी माप ठरवलं होतं. ते मोडून मी नवं माप लावलं, पण त्यात आईला पुन्हा फाटकंच आलं. मग मी मनूचं काय मोडलं?

तेव्हापासून मी तथागताकडं वेगळ्या नजरेनं बघतो. भिक्खूनं चीवर का घ्यायचं, तर थंडी, ऊन, वारा, डास निवारायला आणि लाज झाकायला. अन्न का घ्यायचं, तर मस्तीसाठी नाही, देह टिकावा म्हणून. पण आपण भिक्खू नाही, संसारी माणसं आहोत, आणि संसारी माणसाला बुद्धानं भुकेकंगाल राहायला सांगितलेलं नाही. अनाथपिंडिकाला त्यानं गृहस्थाची चार सुखं सांगितली : घामानं मिळवलेलं आपल्याजवळ असण्याचं सुख, ते भोगण्याचं सुख, कर्ज नसण्याचं सुख, आणि निर्दोष वागण्याचं सुख. भोगणं हे त्यात दुसरं आहे, लपवून ठेवलेलं नाही. माझ्या जाकिटाला या चार कसोट्या लावल्या. पहिली दोन सुखं होती. तिसरं हप्त्यात गेलं. चौथं "नऊशेला" म्हणालो तिथं गेलं.

आणि खाण्याचं? कोसलचा राजा पसेनदी द्रोणभर भात खायचा आणि धापा टाकत बुद्धापुढं येऊन बसायचा. बुद्धानं त्याला उपास सांगितला नाही, व्रत सांगितलं नाही. मापानं खाणाऱ्याला त्रास कमी होतो, एवढंच सांगितलं. राजानं ते एका पोराला पाठ करायला लावलं आणि रोज जेवताना म्हणून घेतलं. हळूहळू तो नाळीभर भातावर आला. इथं नीट बघा : हा उपदेश राजाला केलेला आहे, उपाशी माणसाला नाही. स्वतः बुद्धानं उरुवेलेत उपाशी राहून बघितलं आणि सुजाताची खीर घेऊन उठला. ज्याच्या ताटात काही नाही त्याला मिताहार शिकवणं ही थट्टा आहे. टंचाई आणि माप या दोन गोष्टी वेगळ्या. टंचाई दुसरा लादतो, माप आपण ठरवतो.

उपासाचंही तसंच. येरवड्याच्या तुरुंगात २० सप्टेंबर १९३२ ला एका माणसानं अन्न सोडलं, आणि त्याच्या रिकाम्या पोटाचं ओझं कोट्यवधी उपाश्यांच्या छातीवर ठेवलं. २४ तारखेला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. तेव्हा कमी खाणारा प्रत्येक माणूस संयमी नसतो. कोणाच्या जिवावर कमी खातोय हेही बघावं लागतं.

मग आपल्या ताटाचं काय? आपल्या लग्नांत आता बुफे असतो. मीही हात मारलाय. पाच भाज्या, दोन गोड, मटणाचा रस्सा, आणि अर्धं ताट टबात. त्याच टबाशी उष्टी काढणारी बाई आपल्यातलीच असते. आजी शिळे तुकडे गोळा करायची. नातू ताजं अन्न टाकून देतो आणि त्याला वाटतं, आपण वर चढलो. लग्न उरकल्यावर नवऱ्या मुलाचा बाप दोन वर्षं व्याज फेडतो. हा विद्रोह नाही. प्रस्थापितांच्या माजाची ही नक्कल आहे, आणि तीही उसन्या पैशाची. मटण खा, तूप खा, जिभेला चव कळू द्या. चकवाऱ्याच्या त्या माणसांनी तुपासाठी मार खाल्लाय. पण त्यांनी तूप वाढलं ते पंगतीला वाढलं. सगळ्यांना.

म्हणून मी माझ्यापुरत्या दोन कसोट्या काढल्यात. अंगावरच्या कपड्याची खरी किंमत घरात मोठ्यानं सांगता आली पाहिजे. आणि ताटातला घास कोणाकडंही पाठ न फिरवता खाता आला पाहिजे. एवढं जमलं तर बुटाला खुशाल पॉलिश मारा.

राजाबहादूर गिरणीत पूर्वी कापड निघायचं. आता त्या आवारात हॉटेलं आहेत, रात्री दिवे लखलखतात. तिथून जाताना वाटतं, एकदा आत बसून निवांत जेवावं. जेवेन. आईला घेऊन जेवेन, ती लोकरीचा स्वेटर घालून असेल तेव्हा. स्वेटर घेतलाय. सहाशे रुपये, रोख. किंमत खरी सांगितली. जाकिटाचीही सांगितली. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे स्वेटर घालून कामाला गेली.

दादांनो, तुमचं आमचं भांडण मिटलेलं नाही. पुढच्या बैठकीला मी इस्तरीचाच शर्ट घालून येणार आहे. तुम्ही किंमत विचारा. मी सांगेन. मग बाकीच्यांनीही आपापली सांगावी.

जयभीम.