आधी फोल्डर दाखव

बस. चाल कशी झालीय ते नंतर बघू. तुझं प्रोजेक्ट माझ्या मशीनवर उघडलं तेव्हा निम्मे ट्रॅक मुके का होते, ते आधी सांग. स्क्रीनवर 'फाइल सापडत नाही' अशी रांग लागली होती. एक आवाज तुझ्या डेस्कटॉपवर, दुसरा डाउनलोड्समध्ये, तिसरा मित्राच्या पेनड्राइव्हवर, आणि तो पेनड्राइव्ह मित्र घेऊन गेलाय. वर मला सांगतोस, "सर, माझ्याकडे वाजतंय." तुझ्याकडे वाजून काय उपयोग? हे उद्या मिक्सिंगला जाणार. तिथल्या माणसाने तुझा डेस्कटॉप कुठून आणायचा?

एक सूर लावण्याआधी फोल्डर करायचा. त्याला फिल्मचं नाव, सीनचा नंबर, तारीख द्यायची. तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. बाहेरून घेतलेला प्रत्येक आवाज त्याच फोल्डरात कॉपी करायचा. क्युबेस, लॉजिक, रीपर, सगळ्यांत ती सोय आहे, तू ती कधी उघडून पाहिली नाहीस. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल हेच घे' यांतलं खरं कोणतं, ते तुला स्वतःलाही सांगता आलं नाही.

आणि ती हलगी! त्याचा मला खरा राग आलाय. साताऱ्याकडून एसटीने माणूस आला, हलगी शेकून तापवली, अर्धा दिवस जीव ओतून वाजवली. ते वाजवणं तू लॅपटॉपच्या एकाच डिस्कवर ठेवलंस आणि लॅपटॉप फॉरमॅट करताना बहुतेक सगळं घालवलंस. वादकाचा चहा संपायच्या आत एक प्रत बाहेरच्या डिस्कवर गेलेली असली पाहिजे, आणि रात्रीपर्यंत आणखी एक दुसऱ्या छपराखाली, नाहीतर क्लाउडवर. हे आळसाने राहिलं, म्हणून दुसऱ्याची मेहनत मातीत गेली. त्यांना फोन करून खरं काय झालं ते तू स्वतः सांगायचंस.

जे वाचलं तेही फाटलेलं. इकडे ये, झूम करून बघ. काठीच्या प्रत्येक घावाचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट आहे. कारण तू गेन लावताना "जरा वाजवून दाखवा" म्हणालास, त्यांनी बेताने वाजवलं आणि तू तेवढ्यावर मीटर लालच्या कडेला नेऊन ठेवलास. माणूस रंगात आला की हात दुप्पट पडतो, एवढं तुला कळू नये? डिजिटलमध्ये शून्य डेसिबल हे छत आहे, त्याच्या वरचं काही नोंदलंच जात नाही. टेपवर सुरसुर असायची, म्हणून पातळी वर ठेवावी लागे. तू २४ बिटवर काम करतोस. १६ बिटला हिशेबाने ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो, २४ बिटला १४४. एवढी जागा असताना छताला डोकं आपटायची गरज काय? सर्वांत जोरदार घाव उणे दहाच्या आसपास राहू दे. आवाज बारीक वाटला तर नंतर वाढवता येतो. दुरुस्तीची सॉफ्टवेअरं कापलेला माथा अंदाजाने भरतात, त्या हाताचा घाव ती परत आणत नाहीत.

पेटी बेसूर वाटते म्हणून तू वादकाला दोष दिलास. पेटी ४४.१ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलीस आणि फिल्मचं सेशन ४८ चं. काही सॉफ्टवेअरं हा फरक आपोआप सांभाळतात, काही सांभाळत नाहीत, आणि सॉफ्टवेअरने विचारलेला प्रश्न न वाचता तू ओके दाबलंस. काळी एकची पेटी मग पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी जाऊन बसते. दहा मिनिटांचा तुकडा नऊ मिनिटं अकरा सेकंदांत संपतो. चित्रासाठी काम असेल तर पहिल्या दिवसापासून ४८. दिग्दर्शकाला फ्रेम रेटही त्याच दिवशी विचारायचा, २४ की २५.

गायिका तालात येत नाही ही तुझी दुसरी तक्रार. तुझा बफर १०२४ वर होता. ४८ किलोहर्ट्झला त्याचे २१ मिलिसेकंद होतात. आत येताना आणि बाहेर जाताना मिळून ४२. म्हणजे त्या बिचारीला स्वतःचा आवाज १४ मीटरवरून आल्यासारखा ऐकू येत होता. कोण गाईल तालात? रेकॉर्डिंगला बफर १२८ किंवा त्याहून खाली, जड प्लगिन बंद. मिक्सला बसशील तेव्हा खुशाल वाढव.

आणि "आपल्याकडे तसा स्टुडिओ नाही" हे पुन्हा ऐकू आलं तर वर्गाबाहेर उभा करीन. 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन मोठा वाद्यवृंद रेकॉर्ड केला, ते खरं आहे. पण १९६३ साली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये डेलिया डर्बिशायर यांनी रॉन ग्रेनर यांची 'डॉक्टर हू'ची धून घडवली, तेव्हा मूगचा सिंथेसायझरही यायचा होता. एकेक सूर टेपवर घ्यायचा, टेप कापायची, जोडायची. तुझ्यासमोर अनडूचं बटण आहे आणि तू ट्रॅकला नाव द्यायचा कंटाळा करतोस! 'ऑडिओ ४७' म्हणजे काय, पाऊस की पैंजण?

आता ऊठ. ट्रॅकना नावं दे. संवादांखालचं संगीत, ताल, गाणं, वातावरण यांचे वेगळे स्टेम काढ, सगळे एकाच शून्यापासून सुरू होणारे; वाद्य चौथ्या मिनिटाला येत असेल तरी आधीची शांतता फाइलमध्ये राहू दे. मग ते रिकाम्या सेशनमध्ये टाकून चित्राबरोबर शेवटपर्यंत ऐक, एकदा हेडफोनवर, एकदा स्पीकरवर. जुळलं तर डिस्क घेऊन ये, मी रात्री नऊपर्यंत इथेच आहे.