पट्टा कुणाच्या गळ्यात?

दत्तजयंतीला तसबिरीपुढं हात जोडून उभी असलेली सातवीतली मुलगी मला विचारते, "काका, दत्ताच्या कुत्र्यांना पट्टा का नाही?" ते चार कुत्रे म्हणजे चार वेद, हे उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. पण तिनं ते विचारलंच नव्हतं.

जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून सिल्वासात दर रविवारी आठ-दहा पोरं माझ्या अंगणात जमतात. कुणी खानवेलकडचं वारली, कुणी पिपरियातल्या कारखान्यात कामाला आलेल्या घरातलं. कुत्रा सांभाळावा कसा, त्याला शिकवावं कसं, एवढाच विषय. पहिला धडा हातांचा. धावत जायचं नाही, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, डोक्यावर हात टाकायचा नाही. कडेला उकिडवं बसायचं आणि मूठ सैल सोडून थांबायचं. हुंगायला यायचं की नाही, हे तो ठरवेल. मग 'बस'. ढुंगण टेकलं की त्याच क्षणी भाकरीचा तुकडा. दोन सेकंद उशीर झाला तर तो उठलेला असतो, आणि तुम्ही त्याला उठायला शिकवलेलं असतं.

मराठीत कुत्रा पाळतात आणि शब्दही पाळतात. व्रत, नियम, धर्म, सगळं पाळायचंच. शब्द पाळताना बांधला जातो तो शब्द नव्हे, देणारा. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपण उलटं धरून चाललो: पट्टा त्याच्या गळ्यात, म्हणजे बांधलेला तोच.

अमेरिकेतल्या स्काउटांना कुत्र्याच्या निगराणीसाठी एक बिल्ला मिळतो. त्यासाठी दोन महिने कुत्रा सांभाळून रोजची नोंद ठेवावी लागते. वहीची कल्पना मी तिथूनच उचलली. खाणं, पाणी, लस, फिरवणं, सगळं तारखेनिशी. पण पोरांना सांगतो, बिल्ल्याला दोन महिने पुरतात, कुत्र्याला दहा-बारा वर्षं लागतात.

हे सांगायचा मला अधिकार नाही, हेही त्यांना सांगतो. खानवेलला नोकरीत असताना माझ्याकडं मोती नावाचा गावठी कुत्रा होता. बदली झाली सिल्वासाला, अवघ्या वीसेक किलोमीटरवर. खोलीचा मालक कुत्रा नको म्हणाला. मी शिपायाच्या हातावर दोनशे रुपये ठेवले आणि सामानाच्या टेम्पोत बसलो. मोती वळणापर्यंत धावत आला. मी मागं पाहिलं नाही.

महाभारतात युधिष्ठिरही मागं पाहत नाही. द्रौपदी पडते, एकेक भाऊ पडतो, तो चालत राहतो. स्वर्गात न्यायला आलेला इंद्र त्याला टोचून विचारतो, भाऊ सोडलेस, बायको सोडलीस, मग या कुत्र्याचाच मोह का? युधिष्ठिर म्हणतो, ते मेल्यावर मी त्यांना सोडलं, ते जिवंत असताना नाही. कीर्तनकार पुढचं रंगवतात, कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता वगैरे. मला ते महत्त्वाचं वाटत नाही. तेव्हा युधिष्ठिराला ते ठाऊक नव्हतं. त्याच्यापुढं एक साधा, दमलेला, सोबत आलेला कुत्रा होता. माझाही तसाच होता. युधिष्ठिराची माणसं पडलेली होती. माझा कुत्रा धावत होता.

शेजारच्या वहिनींचा प्रश्न मात्र युधिष्ठिराला कुणी विचारला नव्हता: "तुमच्या पोरांचं प्रेम माझ्या नातवाला चावलं तर?" बरोबर आहे. आपल्याच कुत्र्यापुरती असलेली दया म्हणजे नुसता लाड. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर रेबीजची लस: पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, पुढं डॉक्टर सांगतील तशी. कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही, आणि थेट दवाखाना गाठायचा. लक्षणं दिसू लागल्यावर हा आजार जवळपास कुणालाच सोडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालण्यासाठी ठराविक जागा नेमायला सांगितलं, तेव्हा पोरं चिडली. मी म्हटलं, ज्याला कुत्र्याची भीती वाटते, त्याची वाट मोकळी ठेवणं हेसुद्धा पाळण्यातच येतं.

त्या मुलीनं गल्लीतलं एक तांबडं पिल्लू घरी नेलं. पट्टा घालताना मी तिला दाखवलं, पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. तिनं घालून पाहिली, एक भोक सैल केलं, पुन्हा पाहिली. दत्ताच्या कुत्र्यांबद्दल मी तिला उत्तर दिलंच नाही. देव कुणाला सोडून जात नसेल तर पट्ट्याची गरज काय, असं काहीतरी मनात आलं होतं, पण मोतीनंतर ते माझ्या तोंडी शोभलं नसतं.

मे महिन्यात ती गावी निघाली. जाण्याआधी वही माझ्याकडं देऊन गेली. शेवटच्या पानावर रेघा मारून तीस चौकोन केले होते आणि प्रत्येकात एक नाव: आज खायला घालायची पाळी कुणाची. चारही रविवारी माझं नाव होतं. मला न विचारता घातलेलं.